गावाला बोलतं करणारा माणूस

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र कळवलं: ‘आवाज’. या सूत्रावर लिहायला बसलं की मराठी माणूस गाण्याकडे वळतो. मला लिहायचं होतं बोलण्याबद्दल. त्यातही अशा माणसाबद्दल, ज्याला महाराष्ट्र लेखक म्हणून ओळखतो, पण ज्याची नोकरी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत झाली. व्यंकटेश माडगूळकर १९५५मध्ये तिथे रुजू झाले आणि पुढली जवळपास तीन दशकं त्यांनी हे काम केलं. त्यांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीवर ग्रंथ लिहिले गेले, परिसंवाद झाले. तिच्या लेखकाच्या नोकरीचा उल्लेख मात्र चरित्रातल्या एका ओळीत संपतो. ती ओळ उलगडावी, असं मला फार दिवस वाटत होतं.

त्यासाठी मुळशीत जायचं ठरवलं. शिवाजीनगरच्या आकाशवाणी केंद्रापासून हा तालुका हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही डोंगरांनी तो दूर ठेवला आहे. शहराचा आवाज गावात कसा पोचतो आणि गावाचा आवाज शहरात येतो का, हे पाहायला याहून चांगली जागा पुणे जिल्ह्यात नाही. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावं मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. दिवाळीच्या तोंडावर ती पिवळी झालेली असतात. कुठे कापणी चाललेली असते, कुठे पेंढ्या बांधून बांधावर ठेवलेल्या असतात. परतीच्या पावसाची भीती सगळ्यांच्या मनात असते, आणि दर दुसऱ्या माणसाच्या बोलण्यात हवामानाचा अंदाज येतो.

१९२७ साल

या लेखातले तीन धागे एका वर्षात एकत्र येतात. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं आणि आपल्याकडच्या नियमित नभोवाणीचा आरंभ झाला. त्याच वर्षी मुळशीच्या तलावातलं पाणी सह्याद्री उतरून कोकणातल्या भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागलं आणि तिथली वीज मुंबईकडे निघाली. आणि त्याच वर्षी औंध संस्थानातल्या माडगूळ या गावी व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म झाला.

मुळशीच्या विजेची किंमत इथल्या माणसांनी मोजली आहे. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, इथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. तुरुंगवास झाले, मारहाण झाली, आणि शेवटी भातखाचरं, देवळं, वाड्या पाण्याखाली गेल्या. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांचा जगातला हा आरंभीचा संघटित लढा. वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. तलावाच्या काठावरच्या कित्येक वाड्यांत पुढे अनेक वर्षं कंदीलच जळत राहिले.

म्हणून या भागात रेडिओ आला तो बॅटरीवर चालणारा. आधी चावडीवर नाहीतर शाळेत ठेवलेला सरकारी सामुदायिक संच, मग साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर. तो बहुधा मुंबईहून यायचा, सुट्टीवर आलेल्या चाकरमान्याच्या पिशवीतून. माले गावाजवळच्या एका वाडीत भेटलेल्या आजी म्हणाल्या, “आमच्या मालकांनी पयला रेडू आणला तवा अख्खी आळी अंगणात बसली हुती. कोण बोलतंय त्ये कळंना, पर भात आपलाच सांगत हुता.”

माडगूळचे तात्या

माणदेश हा मुळशीच्या अगदी उलट प्रदेश. इथे पावसाने माणसं बेजार होतात, तिथे पावसाची वाट पाहण्यात. माडगूळ हे आटपाडी तालुक्यातलं गाव. वडील औंध संस्थानच्या नोकरीत कारकून. थोरले भाऊ गजानन, म्हणजे गदिमा. घरात ते अण्णा आणि व्यंकटेश हे तात्या. घरची गरिबी, दुष्काळी मुलूख, आणि भोवती मेंढपाळ, रामोशी, न्हावी, मुलाणी अशी नाना जातींची, नाना धंद्यांची माणसं. शाळेच्या वयातच बेचाळीसच्या चळवळीने ओढून नेलं आणि काही काळ भूमिगत राहावं लागलं. चित्रकार व्हायची इच्छा होती. त्यासाठी कोल्हापूर गाठलं. मधल्या काळात एका लहानशा गावात शिक्षकी केली. तिचाच अनुभव पुढे ‘बनगरवाडी’तल्या राजाराम सौंदणीकर या तरुण मास्तराच्या रूपाने मराठीत अमर झाला.

‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९चं. लेखक तेव्हा बावीस वर्षांचा. त्यातली माणसं वाचकाला बोलताना ऐकू येतात. प्रत्येकाची थांबण्याची जागा वेगळी, विषय टाळण्याची रीत वेगळी. लेखकाने त्यांच्याबद्दल गहिवर काढलेला नाही. त्याने त्यांना बोलू दिलं आहे. हा कान रेडिओत येण्याआधीच तयार झालेला होता.

मग मुंबई, गदिमांच्या आधाराने चित्रपटांच्या पटकथा, आणि १९५५मध्ये पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागातली नोकरी. ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली तीही १९५५मध्येच. एका बाजूला मराठी कादंबरीला नवं वळण देणारा लेखक, दुसऱ्या बाजूला खतं, बियाणं, पीकसंरक्षण यांवरचे कार्यक्रम उभे करणारा सरकारी नोकर. या दोन गोष्टींत अंतर आहे असं लांबून वाटतं. जवळून पाहिलं की दोन्हींच्या मुळाशी एकच कौशल्य दिसतं: समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प राहायचं.

शिवाजीनगरचं केंद्र

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. नवं केंद्र, हाताशी थोडी साधनं, पण माणसं अशी की आज त्यांची नावं एकत्र वाचताना विश्वास बसत नाही. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, गदिमांच्या शब्दांतून आणि सुधीर फडके यांच्या संगीतातून १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि पुढचं वर्षभर छप्पन्न गीतांचा तो प्रवाह चालू राहिला. पु. ल. देशपांडे याच काळात या केंद्रात नोकरीला आले. थोरला भाऊ दर आठवड्याला नवं गीत देतो आहे आणि धाकटा त्याच केंद्राच्या ग्रामीण विभागात काम करतो आहे, असा तो काळ.

गीतरामायणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, हे आपण ऐकत आलो आहोत. ग्रामीण कार्यक्रमाला असा हार कुणी घातला नाही. त्याची कसोटी वेगळी होती. सांगितलेली गोष्ट शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी करून पाहिली का? आणि पाहिली नसेल, तर का नाही?

ऐका, चर्चा करा, कामाला लागा

या कसोटीवरचा एक मोठा प्रयोग पुणे केंद्रावरूनच झाला आणि त्याची नोंद जगाने घेतली. कॅनडात १९४१पासून शेतकऱ्यांची श्रवणमंडळं चालत होती. शेजारची कुटुंबं एका घरी जमायची, कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि आपलं मत केंद्राला कळवायची. हा नमुना भारतात चालेल का, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत श्रवणमंडळं उभी राहिली. पुणे जिल्हा त्यांत होता. पुणे केंद्राने अर्ध्या तासाचे वीस खास कार्यक्रम आठवड्याला दोन या गतीने प्रसारित केले.

प्रत्येक मंडळात पंधरा-वीस माणसं. त्यांचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. ठरल्या वेळी सगळे संचाभोवती जमायचे. कार्यक्रम संपला की खरं काम सुरू व्हायचं. सांगितलेलं आपल्या गावाला लागू आहे का? पैसा कुठून आणायचा? पाणी कुणाच्या विहिरीचं? चर्चेत जे निघेल ते चिटणीस लिहून काढायचा आणि टपालाने केंद्राकडे पाठवायचा. गावाच्या शंका पुढल्या कार्यक्रमांत घेतल्या जायच्या, जाणकारांकडून त्यांची उत्तरं दिली जायची. आपण विचारलेला प्रश्न आपल्या गावाच्या नावासकट रेडिओवर ऐकला की त्या मंडळाला किती हुरूप येत असेल, याची कल्पना करावी.

प्रयोगाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याची धुरा पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने वाहिली. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत पोचलेला. एका आवाजाने सगळ्यांना गप्प करणारा रेडिओ युरोपने ज्या काळात पाहिला, त्या काळातून तो आला होता. इथे महाराष्ट्रातल्या खेड्यांत रेडिओ ऐकून माणसं बोलू लागतात का, हे तो तपासत होता. त्याने तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: श्रवणमंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत ठळक भर पडली होती. नुसता रेडिओ असलेली गावं त्या मानाने फार मागे राहिली.

आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक आणि हिंदीतले नाटककार जगदीशचंद्र माथुर यांनी न्यूराथ यांच्यासह लिहिलेला या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे मंडळांची संख्या वाढली आणि जीव कमी झाला. प्रश्नांना वेळेवर उत्तरं मिळणं, शेतकी खात्याचा माणूस गावात येणं, बिघडलेला संच दुरुस्त होणं, यांतलं एकेक सुटत गेलं. तरी १९५६च्या त्या वसंतात सिद्ध झालेली गोष्ट खोटी ठरत नाही. यंत्राने माहिती येते. ती मुरते चर्चेत.

फीत, जीप आणि शेतकरी

ग्रामीण विभागातलं काम प्रत्यक्षात कसं चालायचं? थोडं स्टुडिओत, पुष्कळसं बाहेर. जड ध्वनिमुद्रक जीपमध्ये घालून गावात जायचं. पाटील, सरपंच किंवा ग्रामसेवक आधी भेटायचा. त्याने ‘प्रगतिशील’ म्हणून पुढे केलेल्या शेतकऱ्याचं बोलणं पाठ केल्यासारखं यायचं. खरा बोलणारा बहुधा मागे उभा असायचा. त्याला हेरणं, त्याच्याशी ध्वनिमुद्रक बंद ठेवून पीकपाण्याच्या चार गोष्टी करणं, त्याचा संकोच गेला की मग बटण दाबणं, ही या कामातली खरी विद्या.

ध्वनिमुद्रण व्हायचं पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर. फितीचा सर्रास वापरला जाणारा वेग म्हणजे सेकंदाला साडेसात इंच. बाराशे फुटांचं एक रीळ बत्तीस मिनिटं चालायचं. म्हणजे एका सेकंदाचा उसासा हा साडेसात इंच लांबीचा, हातात धरता येणारा तुकडा. संपादनाला बसलं की पात्याने फीत तिरपी कापायची, नको तो भाग काढायचा, उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची. खोकला काढायचा, पण माणसाचं अडखळणं ठेवायचं, कारण अडखळण्यातून त्याचा खरेपणा कळतो. कुठला उसासा ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. ते लेखकाच्या कानाला कळतं.

भाषेचा प्रश्नही रोजचा होता. शेतकी अधिकारी कागद वाचून दाखवी, त्यात ‘हेक्टरी’, ‘मात्रा’, ‘प्रादुर्भाव’. ऐकणाऱ्याला कागद नसतो. वाक्य निसटलं की परत मिळत नाही. म्हणून वाक्य लहान, आकडा एकच, आणि तो दोनदा सांगायचा. आधी काय करायचं ते, मग का करायचं ते. माडगूळकरांचं गद्य ज्याने वाचलं आहे त्याला हे नियम ओळखीचे वाटतील. त्यांच्या वाक्यात विशेषण क्वचित येतं, आणि आलं तर काम करतं.

भातशेतीच्या मुलखात रेडिओने काय साधलं, याचं देशातलं नामांकित उदाहरण तमिळनाडूतलं आहे. साठीच्या दशकात तंजावर भागात तिरुचिरापल्ली केंद्राने भाताच्या नव्या वाणाचा इतक्या नेटाने प्रचार केला की शेतकरी त्या वाणाला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. १९६६पासून आकाशवाणीत शेती आणि गृहविषयक स्वतंत्र कक्ष सुरू झाले. मुळशीचा आंबेमोहोर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा. इथल्या शेतकऱ्याला बियाणं कुणी शिकवायला नको होतं. त्याला हवी होती भातावरच्या करपा रोगाची सूचना वेळेवर, पावसाचा अंदाज वेळेवर, आणि बाजारभाव खरा.

मुंबईची कामगारसभा, मुळशीचं घर

मुळशी-मावळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, आणि कितीतरी जण डबे पोचवण्याच्या धंद्यात. मुंबईच्या डबेवाल्यांची गावं याच पट्ट्यातली आहेत: मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि संध्याकाळी मुंबई केंद्राची ‘कामगारसभा’ ऐकायचे. गावी राहिलेली बायकामाणसं पुणे केंद्र ऐकायची. एकाच कुटुंबाचे दोन तुकडे दोन केंद्रांच्या आवाजावर दिवस मावळताना पाहत होते.

मुंबईच्या त्या आवाजांत बाळ कुडतरकरांचं स्थान मोठं. ‘प्रपंच’ या श्रुतिकामालेत ते टेकाडे भाऊजी, नीलम प्रभू मीनावहिनी, आणि प्रभाकर जोशी प्रभाकरपंत. दहा बाय दहाच्या खोलीतला मध्यमवर्गीय संसार त्यांनी घराघरांत नेला. कुडतरकरांचा आवाज लोक लगेच ओळखत. माडगूळकरांचं काम वेगळ्या जातीचं. तिथे ओळखू यावा असा आवाज शेतकऱ्याचा असायचा, आणि त्याला माइकपुढे आणणारा माणूस पडद्याआड राहायचा. नभोवाणीला दोन्ही लागतात. पहिल्याला आपण कीर्ती दिली. दुसऱ्याचं ऋण मानायचं राहून गेलं.

पौडच्या बाजारात भेटलेले एक निवृत्त डबेवाले बाबा सांगत होते, “खोलीवर रेडिओ एकच. ज्याची पाळी स्वयंपाकाची, त्यानं लावायचा. बातम्या आणि कामगारसभा चुकवायची न्हाय, असा दंडक हुता. गावाकडं पाऊस झाला का, ह्ये आम्हाला पत्राच्या आधी रेडिओवर कळायचं.”

आयर्लंडमधला सहप्रवासी

माडगूळकर पुण्यात रुजू झाले त्याच सुमारास, १९५४मध्ये, आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीत किरन मॅक माहूना नावाचा तरुण दाखल झाला. त्याच्याकडे काम आलं फिरत्या ध्वनिमुद्रण पथकाचं. गाडी घेऊन तो आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत गेला. स्वयंपाकघरांत, गुत्त्यांत, लग्नघरांत वाजणारी फिडल आणि बासरी त्याने फितीवर घेतली. ज्यांना आपलं वाजवणं शहरात कुणी ऐकेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, ते वादक देशभर ऐकू आले. डॉली मॅकमहन ही लोकगायिका त्याची पत्नी. घरातही तेच संगीत. १९७०मध्ये सुरू झालेला त्याचा रविवार सकाळचा कार्यक्रम २००५पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं चालला. २००९मध्ये तो गेला, तेव्हा आयर्लंडच्या लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचं मोठं श्रेय त्याला मिळालं.

मला या तुलनेतून एकच गोष्ट मांडायची आहे. मॅक माहूनाचं काम आज ऐकता येतं, कारण त्या देशाने त्या फिती राष्ट्राची ठेव म्हणून सांभाळल्या. आपल्याकडे फीत महाग होती, परकीय चलनात यायची, म्हणून वापरून झालेली फीत पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. संगीताच्या मैफली काही प्रमाणात वाचल्या. शेतकऱ्याचं बोलणं वाचवायचं असतं, हे कुणाच्या मनात आलं नाही.

नोकरी, घर आणि जंगल

माडगूळकरांचा संसार पुण्यात रुजला. घरात पत्नी विमलताई आणि मुलगी ज्ञानदा. ऑफिसची वेळ, घर, आणि उरलेल्या वेळात लेखन असं आयुष्य त्यांनी बांधून घेतलं. सरकारी नोकरीत राहून त्यांनी कथा, कादंबरी, नाटक, प्रवासवर्णन, चित्रपटकथा असं सगळं लिहिलं. ‘पति गेले ग काठेवाडी’सारखं लोकनाट्याच्या बाजाचं नाटक रंगभूमीवर गाजलं. ऑस्ट्रेलियातल्या वास्तव्यावर ‘पांढरी मेंढरे हिरवी कुरणे’ हे पुस्तक आलं. मेंढरांच्या मुलखातला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मेंढरांकडे कसा पाहतो, हे त्यात वाचण्यासारखं आहे.

तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. पुढे बंदूक सुटली. हाती दुर्बीण आणि रेखाटनवही राहिली. नागझिऱ्याच्या जंगलात राहून त्यांनी जनावरं पाहिली. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तासंघर्षावरची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी त्या पाहण्यातून आली आणि १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अमोल पालेकरांनी १९९५मध्ये ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला, तेव्हा पटकथा माडगूळकरांचीच होती. १९९९मध्ये जनस्थान पुरस्कार, आणि ऑगस्ट २००१मध्ये निधन.

मला या आयुष्यात एक सलगता दिसते. जंगलात पाणवठ्यावर न हलता बसणारा माणूस, गावात चावडीवर ऐकत बसणारा माणूस आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी मध्ये न बोलणारा माणूस हे तिघे एकच. नोकरीने त्यांचं लेखन अडवलं का, हा प्रश्न मराठी टीकाकार लेखकांबद्दल नेहमी विचारतात. माझं मत उलट आहे. या नोकरीने त्यांना गावाशी बांधून ठेवलं. शहरात स्थायिक झालेल्या ग्रामीण लेखकाचं गाव पुढे पुढे आठवणींतलं होऊन बसतं. माडगूळकरांना कामाच्या निमित्ताने चालू वर्षाचं गाव भेटत राहिलं: कर्जाच्या अर्जांचं, सहकारी सोसायटीचं, नव्या खतांचं, शहराकडे निघालेल्या पोरांचं.

डोंगराआड लहरी

आज मुळशीत रेडिओ कोण ऐकतं? मी टपऱ्यांवर, दूध संकलनाच्या ठिकाणी, भातझोडणीच्या खळ्यावर हे विचारत फिरलो. तरुणांकडे मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये सगळं आहे. वयस्कांकडे अजून जुने ट्रान्झिस्टर निघतात. पहाटे गोठ्यात काम करताना, सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांना ते लागतात.

डोंगराळ मुलखात लहरींचं शास्त्र प्रत्यक्ष दिसतं. पुणे केंद्राची मध्यम लहरींवरची वाहिनी ७९२ किलोहर्ट्‌झवर आहे. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. इतकी लांब लहर जमिनीला धरून जाते आणि डोंगराला वळसा घालून दरीत उतरते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती सरळ रेषेत जाते आणि मध्ये कडा आला की अडते. म्हणून पिरंगुटला खणखणीत ऐकू येणारं एफएम पुढे ताम्हिणीकडे जाताना वळणावळणावर तुटतं, आणि खरखरणारं का होईना, जुनं पुणे केंद्र दरीतही लागतं. संच थोडा फिरवून ठेवला की आवाज सुधारतो, हे इथल्या आज्यांना पाठ आहे. आतली चुंबकीय कांडी लहरीच्या दिशेला आडवी झाली की ती लहर नीट पकडते. अलीकडे एक नवी अडचण आली आहे. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मध्यम लहरींवर घरघर उमटवतात. वीज गेली की रेडिओ स्वच्छ ऐकू येतो, असं एका शेतकऱ्याने सांगितलं आणि ते अगदी बरोबर आहे.

पावसाळ्यात हा भाग देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो. दरड कोसळते, वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात. तेव्हा दोन सेलवर चालणारा संच हाच बाहेरच्या जगाचा दुवा उरतो. देशातली मध्यम लहरींची अनेक जुनी प्रक्षेपण केंद्रं गेल्या काही वर्षांत बंद झाली. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून आकाशवाणी जगभर ऐकू येते, हे चांगलंच आहे. पण जिथे मोबाइलची रेंजच नाही तिथे अ‍ॅप काय कामाचं? २०२३मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि त्याला स्थगिती मिळाली. ऐकणारा अजून आहे, याचा हा पुरावा.

काय करता येईल

मार्ग आहेत, आणि त्यांतला एक माणदेशातच सापडतो. म्हसवड इथे २००८पासून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ आहे, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही असा परवाना घेता येतो. या केंद्रांचा पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटर. मुळशीसारख्या खोऱ्याला तेवढा पुरे, कारण दोन डोंगरांच्या मधलं एक खोरं हाच इथला श्रोतृवर्ग. भाताच्या करप्याची सूचना, दरडीचा इशारा, एसटीची वेळ, धरणग्रस्तांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचं गाऱ्हाणं, हे सगळं त्या खोऱ्याच्या बोलीत, त्या खोऱ्यातल्या माणसांकडून ऐकू येईल. मुळशीत मोठी विद्यापीठं आणि शिक्षणसंस्था आहेत. त्यांचे माध्यमांचे विद्यार्थी सरावासाठी शहरातल्या कॅफेंचे पॉडकास्ट करतात. त्यांनी आधी शेजारच्या वाडीत जाऊन बसावं.

आकाशवाणीकडे माझी मागणी साधी आहे. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागातलं जे ध्वनिमुद्रण उरलं असेल, त्याची यादी करावी, त्याचं डिजिटल रूपांतर करावं आणि ते लोकांना ऐकायला खुलं करावं. १९५६च्या श्रवणमंडळांची पत्रं, चिटणिसांच्या वह्या, कार्यक्रमांच्या संहिता ज्या कुणाच्या माळ्यावर असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयात द्याव्यात. महाराष्ट्राच्या खेड्याचा विसाव्या शतकातला सर्वांत खरा इतिहास त्यांत असेल.

२०२७मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या जन्माला, मुंबईच्या नभोवाणी केंद्राला आणि भिऱ्याच्या विजेला एकाच वेळी शंभर वर्षं होतील. शताब्दीनिमित्त पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतील, व्याख्यानं होतील, तीही व्हावीत. पण ज्या माणसाने आपल्या उमेदीची वर्षं शेतकऱ्याला माइकपुढे आणण्यात घालवली, त्याची शताब्दी साजरी करायची तर एका खोऱ्यात एक रेडिओ केंद्र उभं करावं. ते मुळशीत व्हावं. सुरुवात करायला अजून वेळ आहे, आणि ती मुळशीतल्या ग्रामपंचायतींनी, शिक्षणसंस्थांनी आणि आपण वाचकांनी मिळून करायची आहे.